जुन्या व्हिडिओ कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर : एक प्रयोग

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आई हमखास माळा साफ करायला लावते. माळ्यावर काय काय सापडतं? पितळी डबे, बंद पडलेला मिक्सर, बाबांच्या जुन्या वह्या आणि एखादी तरी काळी, पुस्तकाएवढी व्हिडिओ कॅसेट. तिच्यावर निळ्या पेनाने ‘अमक्याचं लग्न’ असं लिहिलेलं असतं. लावायला यंत्र नाही म्हणून ती कोणी पाहत नाही, आणि आठवण आहे म्हणून कोणी टाकूनही देत नाही.

आमच्याकडची कॅसेट मोठ्या मामाच्या लग्नाची. मे १९९३ मधलं लग्न. लग्न झालं किल्लारीजवळच्या आमच्या आजोळी, जुन्या गावात. त्यानंतर चार महिन्यांनी, गणपती विसर्जनाच्याच रात्री, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली आणि पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आमच्या आजीची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, ती त्या रात्री गेली. कॅसेट वाचली, कारण मामा नोकरीला लातुरात होता आणि कॅसेट त्याच्या भाड्याच्या खोलीत होती.

गेल्या दिवाळीत ती कॅसेट हातात घेऊन मी आजीला विचारलं, “आजी, हिच्यात काय असंल गं?” आजी म्हणाली, “हळदीला आक्का जात्यावर बसली व्हती बाळा. फोटू हाय तिचा. पर आवाज आता ध्यानात यीना गेलाय.”

आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हटल्यावर घरच्यांना वाटतं याला सगळंच येतं. मी म्हणालो, “काढून देतो.” मग काय काय झालं आणि त्यातून मी काय शिकलो, ते या लेखात लिहिलं आहे. तुमच्याही माळ्यावर अशी कॅसेट असेल तर माझ्या चुका तुम्हाला कराव्या लागणार नाहीत.

पहिला प्रयत्न

लातूरला गंजगोलाईच्या बाजूला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या दुकानात जुना व्हीसीआर मिळाला. चालू करून टीव्हीला जोडला. चित्र आलं! मांडव दिसला, मामा बारीक दिसला, सगळे हसले. मग हळदीचा प्रसंग आला. बायका जात्याभोवती बसलेल्या, आक्काचे ओठ हलताना स्पष्ट दिसत होते, आणि आवाज मात्र त्या काळच्या सिनेमातल्या गाण्याचा! शूटिंगवाल्याने हौसेने वर गाणं टाकलं होतं. आजी थोडा वेळ बघत बसली आणि उठून आत गेली.

त्या रात्री मला वाटलं, संपलं. गाणं टाकलं म्हणजे खालचा आवाज पुसला गेला. पण नांदेडला परत आल्यावर डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंट सरांनी एकच प्रश्न विचारला, “गाणं पट्टीवर कुठं टाकलंय?” या प्रश्नाचं उत्तर समजायला आधी पट्टी समजून घ्यावी लागते.

पट्टीवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. पट्टीची रुंदी १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. चित्र हे पट्टीवर तिरप्या रेघांमध्ये लिहिलेलं असतं. ते लिहिणारे आणि वाचणारे हेड एका फिरत्या ड्रमवर बसवलेले असतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो.

आवाजाची पहिली जागा म्हणजे पट्टीच्या वरच्या कडेने जाणारी सरळ, सुमारे १ मिमीची चिंचोळी वाट. हिला लिनिअर ट्रॅक म्हणतात. ती एका जागी बसवलेल्या स्थिर हेडने वाचली जाते. यात अडचण वेगाची आहे. साध्या ऑडिओ कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेमी सरकते, तर व्हीएचएसची फक्त २.३४ सेमी. आता तरंगलांबी काढा : वेग भागिले वारंवारता. १० किलोहर्ट्झच्या आवाजाचा एक पूर्ण तरंग पट्टीवर जेमतेम २.३४ मायक्रोमीटर जागेत बसवावा लागतो. म्हणून १० किलोहर्ट्झच्या आसपास हा ट्रॅक दमतो. आवाज दबका येतो आणि मागे ‘स्स्स’ असा सूर राहतो.

दुसरी जागा १९८० च्या दशकात आलेल्या हाय-फाय यंत्रांमुळे मिळाली. इथे आवाजाचे हेडसुद्धा त्या फिरत्या ड्रमवरच बसवले. त्यामुळे पट्टी आणि हेड यांच्यातला वेग सेकंदाला ४.८५ मीटर झाला, म्हणजे लिनिअरच्या दोनशेपट! आवाज एफएम करून (पालमध्ये १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरींवर) आधी चुंबकीय थरात खोलवर लिहितात आणि लगेच त्याच जागेवर, पण वरच्यावर, चित्र लिहितात. दोन्ही हेडच्या फटींचे कोन वेगळे असल्याने वाचताना एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याकडे एकाच वावरात तूर आणि सोयाबीन घेतात. तुरीचं मूळ खोल जातं, सोयाबीनचं वरच्या थरात राहतं, आणि दोघांचं भांडण होत नाही. तसंच हे.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. शूटिंग झाल्यावर वर गाणं टाकण्याची जी सोय असायची, तिला ‘ऑडिओ डब’ म्हणत. ही सोय फक्त कडेचा लिनिअर ट्रॅक पुसून त्यावर नवा आवाज लिहिते. खोलातला हाय-फाय आवाज चित्राच्या खालीच असल्याने, चित्र पुसल्याशिवाय तो पुसताच येत नाही. म्हणजे कॅमेरा हाय-फाय असेल आणि आपल्याकडची कॅसेट कॅमेऱ्यातलीच मूळ असेल, तर आक्काचा आवाज अजून तिथेच होता. काकांचा व्हीसीआर साधा, मोनो. त्याला खालचं काही ऐकूच येत नव्हतं.

(तुमची कॅसेट ही कॉपी असेल तर असं होईलच असं नाही. एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवताना जो आवाज गेला, तोच तिच्यावर असणार.)

गाण्याखालचा आवाज

ए.व्ही. रूमच्या कपाटात एक हाय-फाय व्हीसीआर वर्षानुवर्षं धूळ खात होता. सरांच्या परवानगीने तो काढला. पुढच्या वेळी लातूरला गेलो तेव्हा कॅसेट टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला आणली. (डिकीत किंवा टपावर ठेवू नका. ऊन आणि धक्के दोन्ही वाईट. स्पीकरजवळही ठेवू नका, त्यात चुंबक असतो.)

कॅसेट आत गेली. काही सेकंदांनी यंत्राच्या पट्टीवर ‘हाय-फाय’ अशी अक्षरं उजळली. कॅमेरा हाय-फाय होता हे आम्हाला असं कॅसेटनेच सांगितलं. हळदीचा प्रसंग आल्यावर मी श्वास रोखून बसलो. गाणं नाही! जात्याची घरघर, बांगड्या, कुणाचं तरी रडणारं लेकरू, आणि बायकांच्या ओव्या.

सर म्हणाले, “आता ऐकत बसू नको. आधी रेकॉर्ड कर.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जुनी पट्टी प्रत्येक फेरीत थोडी झिजते. ती कधी अडकेल, सांगता येत नाही.

कृती : क्रमाने

१. खुटी मोडा. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची छोटी खुटी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकूनही नवं रेकॉर्डिंग होत नाही. हे सगळ्यात आधी.

२. पट्टी तपासा. पुढचं झाकण उचलून, बोट न लावता बघा. रिळांच्या कडेला पांढरे ठिपके किंवा पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. कॅसेटही जाते आणि हेडही. ती जाणकाराकडे द्या. पट्टी कोरडी आणि स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे ताण सारखा होतो.

३. आधी दुसरी कॅसेट लावून बघा. यंत्र पट्टी खातंय का, हे बिनकामाच्या कॅसेटवर कळू दे. हेड साफ करायचे असतील तर वीज काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला गुळगुळीत कागद ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली कधीच घासू नका, हेड तुटतात. कापूसही नको, तंतू अडकतात.

४. केबल. व्हीसीआरच्या मागे आरसीएची भोकं असतात : पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. पिवळं टीव्हीला जाऊ द्या. पांढरं-लाल कॉम्प्युटरच्या लाइन-इनला. इथेच माझी पहिली चूक झाली. माझ्या लॅपटॉपला एकच भोक, आणि ते हेडफोन-माईकचं. मी त्यातच पिन घातली. माईकचं इनपुट काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि व्हीसीआर देतो सुमारे ०.३ व्होल्ट. परिणाम : आवाज फाटलेला आणि तोही मोनो. असा फाटलेला आवाज कोणत्याच सॉफ्टवेअरने नीट शिवता येत नाही. लाइन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या, किंवा लाइन-इन असलेला जुना डेस्कटॉप शोधा.

५. ट्रॅक निवडा. हाय-फाय व्हीसीआरवर ‘हाय-फाय’, ‘नॉर्मल’ आणि ‘मिक्स’ असे पर्याय असतात. ‘नॉर्मल’ म्हणजे लिनिअर. दोन्ही वेगवेगळे ऐका. ‘मिक्स’वर रेकॉर्ड करू नका, नाहीतर पुन्हा गाणं आणि ओव्या एकत्र होतील. हाय-फायमध्ये सतत ‘घर्र’ असा आवाज येत असेल तर ट्रॅकिंग फिरवून पाहा. दोन हेड सेकंदाला ५० वेळा आळीपाळीने काम करतात, त्यांचा सांधा नीट जुळला नाही की तो आवाज येतो. काही केल्या गेला नाही तर ‘नॉर्मल’चा आधार आहेच.

६. सेटिंग. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरेसं आहे, फुकट आहे. सॅम्पल रेट ४८,००० आणि २४ बिट ठेवा. विंडोजमधल्या आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. एखादा मोठा आवाज असलेला भाग (बँड, फटाके) लावून पातळी अशी ठेवा की शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. शून्याला टेकलं की आवाज कापला जातो.

७. गुणगुण. स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची ‘हम्म’ येत असेल तर दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह हे बहुतेक कारण असतं. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, व्हीसीआरला लागलेली अँटेनाची वायर काढा. माझी ‘हम्म’ नव्वद टक्के याने गेली.

८. रेकॉर्ड. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेणार. यात कॉपी-पेस्ट नाही. लॅपटॉपचं झोपणं बंद करा, नोटिफिकेशन बंद करा. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात चाळिसाव्या मिनिटाला लॅपटॉप झोपला आणि मी पण! दोघांनाही सकाळी जाग आली.

९. चित्रही घ्या. जमलं तर यूएसबी कॅप्चर कार्डने चित्रही उतरवा. पण आवाज वेगळा घेण्याचा फायदा असा की पातळी आणि दर्जा आपल्या हातात राहतो. शिवाय ड्रमवरचे हेड खराब होऊन चित्रात नुसत्या मुंग्या दिसत असल्या, तरी कडेचा लिनिअर आवाज स्थिर हेडवर असल्याने कित्येकदा शाबूत असतो. चित्र गेलं म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. (काही यंत्रं चित्र नसलं की आवाजही दाबतात. मग दुसरं यंत्र शोधा.)

एक छोटं गणित

२४ बिट म्हणजे ३ बाइट. ४८,००० गुणिले ३ गुणिले २ चॅनेल = सेकंदाला २,८८,००० बाइट. तासाला सुमारे १.०४ जीबी, तीन तासांना ३.१ जीबी. म्हणजे आजच्या कुठल्याही पेन ड्राइव्हवर बसेल.

आणखी एक गंमत. सीडीचा सॅम्पल रेट ४४,१०० का? ४४,००० किंवा ४५,००० का नाही? कारण सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरायचे. चित्राच्या प्रत्येक रेघेत ३ सॅम्पल बसवत. अमेरिकन पद्धतीत एका फील्डमध्ये वापरण्याजोग्या २४५ रेघा आणि सेकंदाला ६० फील्ड : ३ × २४५ × ६० = ४४,१००. आपल्या पाल पद्धतीत २९४ रेघा आणि ५० फील्ड : ३ × २९४ × ५० = ४४,१००. म्हणजे आपण आज डिजिटल म्हणून जो आकडा पाठ करतो, तो व्हिडिओ कॅसेटच्याच घरातला आहे. व्हायव्हात विचारलं तर सांगा!

साफसफाई किती करावी?

पहिला नियम : मूळ वेव्ह फाईल जशीच्या तशी ठेवा. जे काय करायचं ते तिच्या कॉपीवर करा.

ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शनला आधी नुसती खरखर असलेला एखादा सेकंद दाखवावा लागतो. मग ६ ते १२ डेसिबलपर्यंतच कपात करा. मी हौसेने २४ केली तर बायका विहिरीत बसून गातायत असं वाटायला लागलं. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर नॉच फिल्टर लावला की उरलेली गुणगुण जाते. जात्याची घरघर मी काढायला निघालो होतो. सर म्हणाले, “अरे, ती खराबी नाही, ते जातं आहे.” ते वाक्य मला पुस्तकातल्या ‘सिग्नल टू नॉइज रेशो’पेक्षा जास्त शिकवून गेलं. कशाला नॉइज म्हणायचं हे यंत्र ठरवत नाही.

नाव लिहा, नाहीतर आवाज पोरका होतो

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

सुट्टीत मी फाईल घेऊन लातूरला गेलो. फाईलचं नाव ठेवलं होतं, ‘आक्का-ओवी’. आजीला हेडफोन लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती एकदम म्हणाली, “आरं, ही आक्का न्हाई. ही मी हाय!”

मी गार. ज्या आवाजावर मी पंधरा दिवस काम केलं, जो साफ केला, ज्याची पातळी वाढवली, तो आवाज आजीचाच होता, तीस वर्षांपूर्वीचा. मग तिने बोट वर केलं. “आता बघ. मागून जी वडती ना, ती आक्का.” पहिल्या आवाजाच्या मागून, अर्ध्या ओळीनंतर, एक जाडसर, थोडा घोगरा आवाज येत होता. मी तो मागची कुजबुज समजून आणखी दाबायच्या बेतात होतो.

आजीने तो भाग सहा वेळा ऐकला. मग तिने कॅसेटमधली एकेक बाई ओळखून दिली. ही शेजारची, ही नवरीची मावशी, हे लेकरू अमक्याचं. त्यातली बरीच माणसं त्याच पहाटे गेलेली. मी वहीत मिनिट आणि सेकंदासह लिहून घेतलं. व्हीसीआरने आवाज दिला, पण तो कोणाचा हे कोणत्याच यंत्राला सांगता आलं नसतं. ते फक्त आजीला ठाऊक होतं.

मोठ्या कामातही हीच गोष्ट दिसते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आज त्या ‘पारी’ या संग्रहात कोणालाही ऐकता येतात, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही मिळतं. नाव असल्यामुळे तो आवाज एका माणसाचा राहतो.

म्हणून :

— फाईलच्या नावात वर्ष, गाव, प्रसंग लिहा. उदा. ‘१९९३-०५-हळद-ट्रॅक-हायफाय’.

— सोबत एक साधी टेक्स्ट फाईल ठेवा : कोण, कोणत्या मिनिटाला, कोणी ओळखलं.

— तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. माझी एक नांदेडला, एक लातूरला मामाकडे आणि एक ऑनलाइन आहे.

— नातेवाइकांना एमपी३ पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

— मूळ कॅसेट टाकू नका. उभी, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा.

घाई का करावी?

व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोने चुंबकीय पट्ट्यांबद्दल जगभर इशारा दिला : पट्ट्या टिकल्या तरी त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारी माणसं संपत चालली आहेत. गंजगोलाईतल्या त्या काकांनीही मला हेच सांगितलं, फक्त युनेस्कोचं नाव न घेता. “पिंच रोलर मिळत नाही बघ आता. आन् माझे डोळे बी कमी झाले.”

तेव्हा मित्रांनो, येत्या सुट्टीत माळ्यावर चढाल तर ती काळी कॅसेट खाली काढा. खुटी मोडा, पट्टी बघा, हाय-फाय व्हीसीआर शोधा. ए.व्ही. रूमचा व्हीसीआर सरांना विचारून वापरता येतो. केबल माझ्याकडे आहे, हॉस्टेलवर येऊन घेऊन जा. पण रेकॉर्डिंग झाल्यावर ते ऐकायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा, आणि वही-पेन सोबत घ्या.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)